फोटो भिंतीचाच पाठवा

४ ऑक्टोबर

साडूभाऊ,

पाकीट जाड लागलं म्हणून दचकू नका. आत तीन फोटो आहेत आणि एक तक्रार. तक्रार तुमच्याबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल आहे. तुमच्याबद्दलच्या तक्रारी थोरलीकडे असतात, त्यांचं पाकीट वेगळं येईल.

मी डिजिटल कॅमेरा घेतला. हसा खुशाल. जन्मभर ज्यानं वॉटरवर्क्सचे पंप चालू केले आणि बंद केले, तुमच्या कॅमेऱ्याला हात लावला की ज्याला तुम्ही "साडूभाऊ, तो पंप नाही" म्हणून हटकायचात, त्या माणसानं घेतला. पण कारणच तसं आहे. आमचं हे क्वार्टर डिसेंबरात सोडायचंय. मी रिटायर झालो तरी माझ्या जागी कुणी आलं नव्हतं म्हणून राहू दिलं होतं. आता ही सगळी ओळच पाडून इथं गाळणीचे नवे हौद होणार. शहरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात. जाण्याआधी खोल्या, पंपघर, हौदाकडच्या पायऱ्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवावेत असं मनात आलं. खरं तर हे काम तुमचं. पण धाकटी गेल्याला चौथं वर्ष लागलं, तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत आणि पुढं पुढं फोनही उचलेनासे झालात. म्हटलं, आपणच शिकावं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं पहिलाच दिवस धड गेला नाही. प्रत्येक फोटोत एक लाल ठिपका येतो. डावीकडे, जरा वर, टाचणीच्या टोकाएवढा. फोटो कशाचाही काढा, ठिपक्याची जागा ठरलेली. सोबतच्या पहिल्या फोटोत तो पंपघराच्या भिंतीवर आहे, दुसऱ्यात आभाळात, तिसऱ्यात थोरलीच्या गालावर. तिनं ओल्या फडक्यानं आधी फोटो पुसला, मग कॅमेऱ्याची काच पुसली, मग माझा चष्मा पुसला. ठिपका जागचा हलेना.

तुम्ही दोघं सुट्टीला यायचात ते दिवस फार आठवतात. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळं ब्लँकेट ठोकून तुम्ही तिथे डार्करूम करायचात आणि आम्ही नवराबायको टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे आंघोळीला. फोटो वाळले की धाकटी खिडकीशी बसून दोन केसांच्या त्या ब्रशनं धुळीचे पांढरे ठिपके रंगवून टाकायची. काम करताना जिभेचं टोक बाहेर. शेजारी थोरली बटाटे सोलत असायची. दोघी बहिणी कशावर तरी हसत सुटायच्या, कशावर ते आपल्याला कधीच कळलं नाही. पंपाची घरघर चालू असायची, आणि त्यावरून हसणं ऐकू यायचं. धाकटीच्या नजरेतून एक ठिपका सुटायचा नाही. ती असती तर तुम्हाला त्रास दिला नसता.

दुकानदाराला दाखवायचा तर काय सांगू ते कळवा. आणि स्वतःचंही दोन ओळी लिहा.

तुमचा,
पंपवाला साडू


११ ऑक्टोबर

साडूभाऊ,

पत्र मिळालं. फोटो पाहिले.

फिल्मच्या जागी तुमच्या कॅमेऱ्यात एक चिप असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. त्यातला एखादा कधी कधी अडकून बसतो. समोर काहीही असो, तो आपला एकच रंग दाखवत राहतो. तुमचा लाल दाखवतोय. ही धूळ नव्हे, पुसून जायची नाही. उगाच घासू नका.

खात्री करायची तर लेन्सवर झाकण ठेवून एक फोटो काढा आणि तो छापून घ्या. मग एक पांढऱ्या भिंतीचा काढा. काळ्यात आणि पांढऱ्यात, दोन्हीत ठिपका कसा दिसतो ते पाहू. मला फोटो भिंतीचाच पाठवा. माणसांचे पाठवू नका, त्यात ठिपका नीट कळत नाही.

हे सगळं मी वाचून सांगतोय. डिजिटल मी हाताळलेला नाही. स्टुडिओ बंदच आहे. पुढची खोली एका शिंप्याला दिली, डार्करूममध्ये त्याचे कापडाचे गठ्ठे असतात.

क्वार्टर पाडणार हे वाचलं.

तुमचा साडू


१९ ऑक्टोबर

साडूभाऊ,

तुमच्या सांगण्यावरून झाकण ठेवून फोटो काढला आणि छापायला गेलो. लॅबमधल्या बाईंनी तो पडद्यावर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेनं म्हणाल्या की, काका, झाकण काढायचं राहिलं तुमचं. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलं होतं. तेव्हा त्यांना माझी जास्तच दया आली. पण छापून दिला. काळ्या कागदावर लाल ठिपका असा दिसतोय जसा आमच्या पंपाच्या पॅनेलवरचा दिवा. आणि नीट पाहिलं तर खाली कोपऱ्यात एक निळसरही आहे. म्हणजे एक शोधायला गेलो आणि दोन सापडले. भिंतीसाठी स्वयंपाकघरातला कपाटामागचा भाग निवडला, कारण घरात तेवढीच भिंत पांढरी उरलीय.

दोन्ही घेऊन दुकानदाराकडे गेलो. तो म्हणतो, लाखांत एखाददुसरा असा निघायचाच, कंपनीच्या नियमात बसतं. मी म्हटलं, आमच्या टाकीतही लाखो लिटर पाणी असतं, पण त्यात एक बेडूक निघाला तर लोक नियम विचारत नाहीत. हसला, पण कॅमेरा बदलून दिला नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हणतो.

तुमचं पत्र थोरलीनं वाचलं. वाचून झाल्यावर कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का पाहिलं. "एवढंच?" म्हणाली. तुमचं तसंच आहे, हे मी तिला समजावलं. पण खरं सांगू, मलाही जरा लागलं. मी डिजिटल घेतला याचा राग आला का तुम्हाला? ज्या यंत्रांनी तुमचा धंदा बुडवला त्यातलंच एक मी पैसे देऊन घरात आणलं, असं वाटलं असेल तर स्पष्ट सांगा. आपल्यात आडपडदा कशाला.

माणसांचे फोटो पाठवू नका म्हणालात, तरी एक पाठवतोय. झाकण लावून मी नेम धरला तेव्हा थोरली समोरच बसली होती. "आता मी हसू की नको?" तिनं विचारलं आणि स्वतःच हसायला लागली. मी झाकण काढून बटण दाबलं. आजवर मी काढलेला हा एकच फोटो बरा आलाय. ठिपका तिच्या कानाशी गेलाय, कुणाला वाटेल कुडी घातलीय. हा तपासायला नाही पाठवला. तुमच्याकडे ठेवायला पाठवलाय.

सामान हलायच्या आत आठवडाभर येऊन जा. तुमची खोली अजून तुमचीच आहे.

तुमचा,
पंपवाला


१० नोव्हेंबर

साडूभाऊ,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. राग अजिबात नाही. कॅमेरा चांगला निवडलाय.

ठिपके दोन असले तरी काळजीचं कारण नाही. सर्व्हिस सेंटरला मॅपिंग करून द्या म्हणावं. बिघडलेला पिक्सेल कुठे आहे हे ते कॅमेऱ्यालाच शिकवून ठेवतात, मग फोटोत तो दिसत नाही. वॉरंटीत हे काम होतं. जाताना काळा फोटो बरोबर न्या, म्हणजे वाद घालावा लागणार नाही.

खोल्यांचे फोटो सकाळच्या उजेडात काढा. खिडकी पाठीशी ठेवा. कॅमेरा टेबलावर किंवा स्टुलावर टेकवा, हात हलतो.

डिसेंबरात येणं जमेल असं वाटत नाही.

ताईंचा फोटो सोबत परत पाठवतोय. तो तुमच्या घरात असलेला बरा.

तुमचा साडू


१४ नोव्हेंबर

भाऊजी,

मी लिहितेय हे ह्यांना ठाऊक नाही. तुमचं पाकीट आलं तेव्हा हे सर्व्हिस सेंटरला गेले होते, म्हणून मीच उघडलं. माझा फोटो माझ्याच हातात पडला. ह्यांना चिठ्ठी मीच वाचून दाखवली, फोटोची ओळ गाळून. फोटो टॉवेलांच्या घडीखाली ठेवलाय. ह्यांना कळलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपण काढलेला फोटोच वाईट होता. त्या फोटोचं त्यांना फार कौतुक आहे.

रागानं लिहिणार होते. पण दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवला. राग भांडी घासताना निघून गेला, आता जे उरलंय ते लिहिते.

लोक म्हणतात, साडूंचं नातं बायकांच्या जिवावर असतं. एक बहीण गेली की दोरा तुटला. मी म्हणायचे, लोकांचं असेल तसं, आमचं नाही. ती आजारी होती तेव्हा रात्री तुम्ही बसायचात आणि दिवसा मी. सकाळी तुम्ही हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर यायचात, मी थर्मासमधला चहा ओतून द्यायचे. आपण फारसं बोलायचोही नाही. कप तुम्ही कसा धरलाय त्यावरून मला कळायचं की तिला रात्री झोप लागली की नाही. इतके दिवस ज्याच्याबरोबर असे काढले त्या माणसाला माझा एक फोटो घरात नकोसा व्हावा?

आमचं काही चुकलं असेल तर सांगा. ह्यांना वाटतंय, कॅमेऱ्याचा राग आहे. मला तसं वाटत नाही. माझं काही बोलणं लागलं का? तिच्या वस्तू आवरायला मी आले होते तेव्हा तिची शाल मी मागून घेतली, ते नको होतं का? तसं असेल तर शाल पाठवून देते. आणि आता आपलं काही नातं उरलेलं नाही असं असेल, तर तेही लिहा, मी ऐकून घेईन. पण नुसता फोटो परत पाठवू नका. दुकानात बिघडलेला माल परत करतात, भाऊजी.

तुमची,
थोरली


२० नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसलो. शिंपी जेवायला गेला होता. त्याच्या मशीनसमोर बसून पुन्हा वाचलं.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. शाल तुमचीच आहे.

मी एकदा तुमच्याकडे आलो होतो. हे कुणालाच ठाऊक नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये. न कळवताच निघालो, म्हटलं अचानक गेलो तर साडूभाऊ खूश होतील. टाकीशी बसमधून उतरलो. तुमच्या फाटकाशी बॅग या हातातून त्या हातात घ्यायला थांबलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तुम्ही आत कुणाशी तरी बोलत होतात आणि हसलात.

तुमचं हसणं तुम्हाला ऐकू येत नसेल. आधी श्वास अडकल्यासारखा होतो, वाटतं आता खोकला येणार, आणि मग एकदम सुटतं. तिचं हुबेहूब तसंच होतं. तुमच्या आईचं हसणं दोघींनी वाटून घेतलेलं, असं ती म्हणायची. ते ऐकलं आणि क्षणभर मी विसरलो. ती आत आहे असं मला खरोखर वाटलं, ताई. नेहमीसारखी माझ्या आधी येऊन बसलीय असं. मी फाटकाची कडी काढली. आणि मग आठवलं.

कडी परत लावली. तीच बस टाकीला वळसा घालून उभी होती, तिच्यातच चढलो. कंडक्टरनं विचारलं, घरी कुणी नाही का? मी नाही म्हणालो.

त्यानंतर फोन वाजला की वाटायचं, तुम्ही असाल. म्हणून उचलायचं सोडलं. साडूभाऊंच्या पहिल्या पत्रात तुमच्या गालावर ठिपका असलेला फोटो होता. तो मी पाहिला आणि पाकिटात ठेवला. भिंतीचा फोटो पाठवा म्हणून लिहिलं ते ठिपक्यासाठी नव्हतं. ठिपका माणसाच्या फोटोतही तितकाच दिसतो.

मग हसतानाचा आला. फोटो खरंच चांगला आहे, साडूभाऊंना सांगा. मला वाटलं, ठेवायचा तर निदान तो ठिपका तरी काढावा. तिची ब्रशांची पेटी आहे माझ्याकडे. बशीतले रंग वाळून गेले होते, त्यात पाण्याचा थेंब घातला, ब्रश ओला केला आणि भिंग लावलं. आधी कान दिसला. मग डोळ्याच्या कडेची ती घडी. मग तो एक दात, शेजारच्यावर थोडा चढलेला. भिंगाखाली ती हसत होती. ब्रश हातातच वाळला.

बरेच दिवस फोटो टेबलावर पालथा घालून ठेवला. जाता-येता मात्र तिकडेच लक्ष जायचं. शेवटी परत पाठवला. पाकीट कोण उघडेल हा विचार केला नाही, तो करायला हवा होता.

तुम्ही मला परक्या झाला नाहीत. तसं झालं असतं तर सोपं होतं, मी सुखानं येऊन चार दिवस राहून गेलो असतो.

हे साडूभाऊंना वाचून दाखवलंत तरी चालेल.

तुमचा,
भाऊजी


२७ नोव्हेंबर

भाऊजी,

ह्यांना वाचून दाखवलं. ऐकलं, उठले आणि पंपघरापर्यंत चक्कर मारून आले. पंप आता त्यांच्या ताब्यात नाहीत, तरी काही झालं की तिकडेच जातात. आल्यावर म्हणाले, "फाटकाशी आला होता गं तो." एवढंच म्हणाले आणि बराच वेळ फडताळातले डबे उगीच इकडचे तिकडे करत राहिले.

आता माझं ऐका. मी तिच्यासारखी दिसते हे मला कुणी सांगायला नको. सकाळी तोंड धुऊन वर पाहिलं की आरशात आधी ती असते, मग मी. पहिल्या वर्षी मी आरसा काढून कपाटामागे ठेवला होता. ह्यांनी दोन दिवस न बघता दाढी केली, हनुवटी कापून घेतली, पण आरसा कुठे गेला म्हणून विचारलं नाही. मग मीच परत लावला. तुम्हाला निदान बस मिळाली, भाऊजी. हा चेहरा घेऊन मी कुठं जाणार होते?

पण तुम्हाला माहीत नाही ते सांगते. सवय होते. आणि सवय झाली की पुढं बरंही वाटायला लागतं. आता केस विंचरताना मी तिच्याशी दोन शब्द बोलून घेते. कंबर दुखतेय, ह्यांनी पुन्हा दूध उतू घालवलं, असलंच काहीतरी. तुम्हाला वाटतंय की पाहिलं तर सहन होणार नाही. मीही एकदा तसंच समजून चालले होते.

तेव्हा या. मी हसू नये असं म्हणत असाल तर ते जमायचं नाही, बाकी म्हणाल ते. तोंड फिरवून बसलात तरी हरकत नाही. चहा पाठीमागून देईन.

तुमची,
थोरली

खालची जागा तिनं माझ्यासाठी सोडलीय, तीही मोजून. साडूभाऊ, मी काय लिहू? कॅमेऱ्याचंच लिहितो. सर्व्हिस सेंटरमधून परत आला. तिथल्या इंजिनिअर बाईंनी तो वायरनं कॉम्प्युटरला जोडला, काहीतरी केलं आणि दोन्ही ठिपके गेले. बरे झाले का, विचारलं. म्हणाल्या, नाही, ते तसेच आहेत, पण आता तिथला रंग कॅमेरा शेजारपाजारच्यांना विचारून भरतो. काळा फोटो काढून पाहिला, काळा कुळकुळीत आला. आता कॅमेरा ठणठणीत आहे आणि फोटो तरीही वाईट येतात. मी काढलेल्या खोल्या पाहिल्या तर वाटतं, सरकारनं क्वार्टर कलतं बांधलं होतं. बारा तारखेला ट्रक येणार आहे. त्याच्या आदल्या दोन दिवसांत आलात तर भिंती सरळ होतील. या. मी स्वतः टाकीशी उभा राहतो, म्हणजे फाटक तुम्हाला एकट्याला उघडावं लागणार नाही.


१८ डिसेंबर

साडूभाऊ,

तुमचा नवा पत्ता पाकिटावर पहिल्यांदाच लिहिला. दोन वेळा जुनाच लिहून खोडला.

खोल्यांचे फोटो सोबत आहेत. मी माझा जुना कॅमेरा का आणला म्हणून तुम्ही हसलात, पण मला तोच हातात बसतो. घरी आल्यावर शिंप्याला म्हटलं, तुमचे गठ्ठे दोन दिवस बाहेर ठेवा. डार्करूमचा नळ सुरुवातीला गंजाचं पाणी देत होता. फोटो मीच धुतले, वाळवले आणि धुळीचे पांढरे ठिपके तिच्या ब्रशनं भरले. तिच्याइतकं साफ नाही जमलं. पंपघराच्या दारावर एक राहिलाय, तुम्हाला दिसेल.

पहिल्या संध्याकाळी मी कपातच बघत बसलो होतो, हे तुम्ही पाहिलंत. ताईंनी खरोखर पाठीमागून येऊन चहा दिला, तेव्हा तुम्ही इतके हसलात की मला हसावं लागलं. त्या रात्री जेवताना मी त्यांच्याशी बोललो तो सगळा वेळ त्यांच्या हातांकडे बघत. त्यांनी ते ओळखलं.

बारा तारखेला ट्रकची पहिली खेप गेली, तुम्ही चाव्या द्यायला ऑफिसात गेलात आणि नेहमीप्रमाणे तिथेच गप्पांत अडकलात. मागं काय झालं ते ताईंनी तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. त्या स्वतःबद्दलचं फारसं सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

घर रिकामं झालं होतं. जिथे जिथे कपाटं होती तिथे भिंतींवर फिकट चौकोन उरले होते. मी सगळ्या खोल्या उरकल्या आणि स्वयंपाकघरात आलो. ताई खिडकीशी एका खोक्यावर बसून राहिलेले कप कागदात गुंडाळत होत्या. मी म्हटलं, ताई, जरा बाजूला होता का, भिंत घ्यायचीय. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"किती वर्षं मला बाजूला करणार?" त्या म्हणाल्या. रागानं नाही.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. जन्मभर मी माणसांकडे असंच पाहत आलोय. आधी तेच दिसलं, ती डोळ्याच्या कडेची घडी, तो दात. वाटलं, आता उठावं. पण फोकस जुळवायचा तर तेवढा वेळ बघत राहावंच लागतं, त्या सवयीनं बघत राहिलो. मग बाकीचं दिसायला लागलं. केस पांढरेशुभ्र झालेत. गळ्याची कातडी सैल झालीय. ऐकू कमी येतं म्हणून मान जरा डावीकडे झुकते, माझं बोलणं ऐकायला ती झुकलेली होती. नाकावर चष्म्याच्या दोन खुणा पडल्यात. यातलं काहीच धाकटीचं नव्हतं. ती इथपर्यंत पोचलीच नाही. मी इतकी वर्षं जिला घाबरून राहिलो ती बाई समोर नव्हतीच, समोर तुमची थोरली बसली होती, म्हातारी झालेली, आणि मी बघतोय म्हणून जरा अवघडलेली.

मी कॅमेरा खाली केला. काय झालं, त्यांनी विचारलं.

"धाकटी म्हातारी झाली असती तर कशी दिसली असती, हे मला कधी डोळ्यांपुढे आणताच आलं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "आता आलं?"

"आलं."

"कशी दिसली असती?"

"तुमच्यासारखीच. पण जरा रागीट."

त्या हसल्या, तसंच, श्वास अडकून आणि मग सुटून. मी जागचा उठलो नाही. बटण दाबलं तेव्हा माझा हात मात्र हलला, म्हणून तो फोटो थोडा फिसकटलाय. तोही सोबत आहे. तुम्ही नावं ठेवणार, ठेवा.

नंतर त्या उठल्या आणि ओट्यावर पडलेला तुमचा डिजिटल उचलला. म्हणाल्या, आता तुम्ही बसा खोक्यावर. मी म्हटलं, माझा कशाला. तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्या अल्बममध्ये पंप आहेत, हौद आहेत, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा आहे, फक्त तुम्ही कुठे नाही. मी मनातल्या मनात घरचे अल्बम उलटून पाहिले. खरं आहे. इतक्या सुट्ट्या, इतक्या सहली, सगळीकडे तुम्ही तिघं आहात. धाकटी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय, म्हणजे माझ्याकडेच बघून हसतेय, पण मी त्यात नाही. एकदाही तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं सुचलं नाही.

मी खोक्यावर बसलो. खिडकीचा उजेड चांगला होता. आपल्या हातांचं काय करायचं हे मला कळेना. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, हात मांडीवर ठेवा, आणि स्वतःचे ठेवता येईनात. ताईंनी आधी कॅमेरा उलटा धरला, मग सरळ केला, दोन फोटो काढले आणि बघून म्हणाल्या, एकात कपाळ कापलं गेलंय. तेवढ्यात तुम्ही आलात, मग दोऱ्या आणि खोकी सुरू झाली, आणि बसच्या घाईत मी मागायचं विसरलो.

ते दोन फोटो तुमच्या कॅमेऱ्यात आहेत. छापून पाठवाल का? कपाळ नसलेलाही चालेल.

तुमचा साडू